जेवणातला ॲलर्जन ओळखणारे बायोसेन्सर: घ्यावेत का, आणि कुठे वापरावेत?

अन्नपारखी (धागाकर्ती)

शेंगदाण्याची, दुधाची नाहीतर अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांचे आईवडील हल्ली मला हटकून एक प्रश्न विचारतात. परदेशात म्हणे खिशात मावेल असं यंत्र मिळतं, चिमूटभर अन्न त्यात घातलं की 'आहे' किंवा 'नाही' असं उत्तर येतं, तर ते मागवून घ्यावं का? मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, ॲलर्जनच्या, म्हणजे ॲलर्जी उठवणाऱ्या घटकांच्या, चाचण्या हे माझं रोजचं काम. फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदाच इथे सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. ही यंत्रं आणि चाचणीपट्ट्या फार उपयोगाच्या आहेत, पण त्यांची जागा हॉटेलच्या स्वयंपाकघरात, फरसाणाच्या कारखान्यात, मसाला कुटणाऱ्या डंकावर आहे. जेवायला बसल्यावर ताटातला एक घास तपासायचा, 'नाही' आलं की उरलेलं ताट मुलापुढे सरकवायचं, असं मात्र कुणी करू नये.

अशा यंत्रांना बायोसेन्सर म्हणतात, आणि त्यांत मुख्य भाग दोन. नेमका हवा तोच रेणू पकडणारा जैविक घटक, आणि तो पकडला गेल्याची खबर वीज, रंग किंवा प्रकाश यांच्या रूपात देणारी यंत्रणा. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स या दोघांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवून साखर मोजण्याची कल्पना मांडली. आज घरोघरी असलेला ग्लुकोमीटर हा त्याच कल्पनेचा वंशज.

मग साखर बोटाच्या एका थेंबात मोजता येते, तर शेंगदाणा का नाही? कारण ग्लुकोज हा छोटा रेणू, कुणाच्याही रक्तात सारखाच, आणि रक्तात तो भरपूर असतो, विरघळलेला असतो. ॲलर्जन म्हणजे प्रथिन. शेंगदाण्यात आरा एच १, आरा एच २, आरा एच ३, आरा एच ६ अशी कितीतरी, दुधात केसीन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, अंड्यात ओव्हाल्ब्युमिन आणि ओव्होम्युकॉइड, कोळंबीत ट्रोपोमायोसिन. हे प्रथिन तेलात, पिठात, साखरेत अडकून बसलेलं असतं. भाजल्यावर, तळल्यावर त्याची घडण बदलते. आधी ते अन्नातून सोडवून द्रावणात आणायचं आणि मग लाखातल्या एक-दोन भागांइतकं असलं तरी ओळखायचं.

पकडण्यासाठी बहुतेक ठिकाणी प्रतिपिंडं (अँटिबॉडी), म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिनं, वापरतात. १९७१ पासून प्रयोगशाळांत चालत आलेली एलायझा चाचणी प्रतिपिंडांवरच चालते, आणि आजही कायदेशीर अहवाल बहुतेक तिचेच असतात. प्रतिपिंडांऐवजी ॲप्टामर, म्हणजे प्रयोगशाळेत निवडून काढलेले डीएनएचे छोटे धागे, वापरायचे प्रयत्न जोरात आहेत. ते उष्णतेला टिकतात आणि बनवायला प्राणी लागत नाहीत.

खिशातल्या यंत्रांचा इतिहासही काही कालचा नाही. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या गटानं मोबाइलच्या कॅमेऱ्याला जोडायची शेंगदाणा-चाचणी दाखवली होती. २०१७ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या गटानं 'आयईट' नावाचं, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवता येईल असं उपकरण प्रसिद्ध केलं. अन्नातली प्रथिनं चुंबकीय कणांवर पकडायची आणि विजेच्या प्रवाहावरून मोजायची. शेंगदाणा, हेझलनट, गहू, दूध, अंडं अशा पाचांची चाचणी दहा मिनिटांच्या आत, आणि उपकरणाचा खर्च ४० डॉलर. विज्ञान म्हणून हे काम मला मनापासून आवडतं. अडचण सेन्सरच्या आधी सुरू होते. प्रश्न विचारा, खाली लिहीत जाईन.

रानमेवा_पुणे

ताई, फार गरजेचा धागा. माझ्या लेकाला शेंगदाणा चालत नाही. आपल्याकडे साबुदाण्याच्या खिचडीत, काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात कूट असतो हे सगळ्यांना माहीत आहे, ते आम्ही टाळतोच. भीती वाटते ती न दिसणाऱ्या कुटाची. हॉटेलातल्या ग्रेव्हीत दाटपणासाठी घातलेला, किंवा त्याच मिक्सरमधून आलेला. वाढदिवसाला मुलं बोलावतात तेव्हा मी काय सांगू? हातात काहीच नसण्यापेक्षा यंत्र बरं, असं नाही का?

हडसनकाठ_न्यूजर्सी

इकडे 'निमा' नावाचं यंत्र २०१७ मध्ये आलं, आधी ग्लुटेनसाठी, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या प्रथिनासाठी, पुढच्या वर्षी शेंगदाण्यासाठी. तिकोनी, तळहातात मावणारं. वाटाण्याएवढं अन्न कॅप्सूलमध्ये घालून झाकण फिरवायचं, कॅप्सूल यंत्रात सरकवायची, साधारण तीन मिनिटांत निकाल. कॅप्सूल एकदाच वापरायची, म्हणजे प्रत्येक घासाला नवी. हाच खर्च मोठा.

या यंत्राच्या वापरकर्त्यांनी पाठवलेल्या निकालांवर २०१९ मध्ये एक अभ्यास छापून आला. उपाहारगृहांत 'ग्लुटेनमुक्त' म्हणून दिलेल्या पदार्थांच्या ५,६२४ चाचण्या, त्यात ३२ टक्के ठिकाणी ग्लुटेन सापडलं. पिझ्झा आणि पास्ता यांत तर निम्म्याहून जास्त. एक आणखी सांगायला हवं: यंत्र २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत वीस भाग) खालचं ग्लुटेनही कधीकधी पकडतं, आणि लोक शंका आलेलेच पदार्थ तपासतात. त्यामुळे ३२ टक्के हा सरसकट आकडा धरू नये.

अन्नपारखी

हडसनकाठ, बारकावा सांगितलात हे बरं केलंत.

रानमेवाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देते, कारण ते एकदा डोळ्यांपुढे आलं की यंत्राची मर्यादा आपोआप कळते. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञगटानं शेंगदाण्यासाठी २ मिलिग्रॅम प्रथिन ही संदर्भमात्रा सुचवली आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या शंभरांतल्या साधारण पाच जणांना दिसण्याजोगा त्रास होईल अशी ही मात्रा. शेंगदाण्यात साधारण चौथा हिस्सा प्रथिन असतं. म्हणजे २ मिलिग्रॅम प्रथिन म्हणजे ८ मिलिग्रॅम कूट, जेमतेम दोन मिलिमीटरचा एक कण.

आता तो एक कण २०० ग्रॅम भाजीच्या ताटलीत पडलाय असं धरा. सरासरी काढली तर १० पीपीएम, बहुतेक चांगले सेन्सर ओळखतील अशी. पण कण सरासरीत पसरलेला नसतो, एकाच जागी असतो. तुम्ही वाटाण्याएवढं, म्हणजे अर्धा ग्रॅम अन्न उचललंत, तर त्या घासात तो कण येण्याची शक्यता चारशेत एक. सेन्सर कितीही तल्लख असो, त्याच्यापर्यंत जे पोचलंच नाही ते तो कुठून ओळखणार? प्रयोगशाळेत आम्ही म्हणूनच आधी मोठा नमुना घेतो, सगळा दळून एकजीव करतो, मग त्यातला थोडा तपासतो. हॉटेलच्या टेबलावर हे होत नाही.

म्हणून 'आहे' हे उत्तर आलं तर त्याचा मान राखा, पदार्थ बाजूला ठेवा. 'नाही' या उत्तराचा अर्थ एवढाच की त्या अर्ध्या ग्रॅममध्ये नाही. आणि यंत्र हातात असलं की माणूस एरवी जे खाऊ दिलं नसतं ते खाऊ देतो. मला खरी काळजी याची वाटते.

विद्युतकण

मी इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरवरच पीएचडी करतोय, आतली बाजू सांगतो. आमच्या क्षेत्रात दरवर्षी ढीगभर शोधनिबंध येतात: ग्राफीन, सोन्याचे नॅनोकण, ॲप्टामर, आणि संवेदनशीलता पिकोग्रॅमपर्यंत. त्यातले बहुतेक सेन्सर स्वच्छ बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) शुद्ध प्रथिन घालून मोजलेले असतात. फार तर तयार बिस्किटाच्या अर्कात वरून प्रथिन मिसळतात. वरून मिसळलेलं प्रथिन आणि २०० अंशांवर भाजल्या गेलेल्या बिस्किटाच्या आतलं प्रथिन यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. भाजलेल्या शेंगदाण्याचं प्रथिन कमी विरघळतं, साखरेशी जोडलं जातं, आणि प्रतिपिंड ज्या जागेवर चिकटायचं ती जागाच कधी झाकली जाते. यंत्राला ते कमी दिसतं, शरीराला मात्र पुरेसं ओळखू येतं.

चॉकलेट तर सगळ्यांत त्रासदायक. कोकोतली पॉलिफेनॉल्स प्रथिनाला घट्ट धरतात, अर्कात येऊच देत नाहीत. उपाय म्हणून अर्काच्या द्रावणात दुधाची पावडर नाहीतर माशाचं जिलेटिन घालतात, म्हणजे पॉलिफेनॉल्स त्यांना धरतील आणि शेंगदाण्याचं प्रथिन मोकळं राहील. पण दुधाची पावडर घातली की त्याच अर्कात दुधाची चाचणी करता येत नाही! असे एकेक पेच सोडवत बसावं लागतं. आंबट पदार्थातही तेच, आम्लता सावरली नाही तर प्रतिपिंड नीट चिकटत नाही.

गव्हाविना

सीलिॲक असल्यानं वीस पीपीएम हा आकडा माझ्या तोंडपाठ. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाप्रमाणे आणि आपल्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाप्रमाणेही 'ग्लुटेनमुक्त' म्हणजे किलोत २० मिलिग्रॅमच्या आत.

इथे नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: सीलिॲक ही ॲलर्जी नव्हे. ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. घास खाल्ल्यावर घसा सुजत नाही, पण थोडं थोडं रोज गेलं तर आतड्याची नासाडी होत राहते. त्यामुळे आम्हाला सेन्सर वेगळ्या कारणासाठी हवा असतो, एका घासाच्या भीतीपेक्षा रोजच्या सवयीच्या पदार्थांच्या खात्रीसाठी.

आपल्या स्वयंपाकघरातला सर्वांत दुर्लक्षित पदार्थ म्हणजे हिंग. बाजारातला बांधानी हिंग हा शुद्ध राळ नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं. वरण, आमटी, फोडणी, लोणचं सगळीकडे तो जातो. डब्यामागची बारीक अक्षरं वाचा, तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो. यासाठी यंत्र लागत नाही.

ताई, एक विचारायचं होतं. सोया सॉस आणि बिअर यांच्या चाचण्यांवर विश्वास ठेवू नका असं डॉक्टर म्हणाले. का?

अन्नपारखी

डॉक्टर बरोबर सांगताहेत. नेहमीच्या चाचणीत दोन प्रतिपिंडं लागतात, एक खालून धरायला, एक वरून खूण करायला, आणि दोघांना एकाच प्रथिनावर वेगवेगळी जागा लागते. आंबवताना ग्लुटेनचे तुकडे होतात. तुकडा इतका लहान झाला की दोघांना पुरेल इतकी जागाच उरत नाही आणि चाचणी 'नाही' सांगते. तुकडे मात्र आतड्याला त्रास द्यायला समर्थ असतात. अशा पदार्थांसाठी स्पर्धात्मक एलायझा नावाची वेगळी पद्धत आहे, त्यात एकच प्रतिपिंड पुरतं. पट्टी घेताना ती कोणत्या प्रकारची आहे हे विचाराच.

याच दोन प्रतिपिंडांमुळे आणखी एक विचित्र गोष्ट होते, ती मी नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात प्रत्यक्ष करून दाखवते. शेंगदाण्याची कोरडी चटणी घ्यायची, काहीही पातळ न करता तशीच द्रावणात हलवायची आणि पट्टीवर थेंब टाकायचे. कंट्रोलची रेघ (पट्टी चालली हे दाखवणारी) ठसठशीत येते आणि चाचणीची रेघ फिकट, कधी जवळजवळ दिसतच नाही. समोर निव्वळ शेंगदाणा, आणि पट्टी म्हणतेय 'नाही'! कारण प्रथिन इतकं जास्त की पट्टीवरची प्रतिपिंडं वेगळी भरून जातात आणि रेघेला रंग देणाऱ्या सोन्याच्या कणांवरची वेगळी. दोघांची गाठ पडत नाही, रेघ उमटत नाही. याला हुक इफेक्ट म्हणतात. तोच अर्क शंभरपट पातळ करून टाकला की रेघ गडद येते. काही कंपन्या यासाठी तिसरी रेघ देतात, प्रमाण फार झालं की ती नाहीशी होते. घरी पट्टी वापरणाऱ्यानं एकदा सरळ आणि एकदा पातळ करून अशी दोनदा तपासावी.

जिरेपूड_लंडन

प्रतिपिंड चुकतं त्याचं इकडचं गाजलेलं प्रकरण सांगते. २०१४ च्या शेवटी आणि २०१५ मध्ये अमेरिकेत दळलेल्या जिऱ्यात शेंगदाण्याचं प्रथिन सापडल्यामुळे शेकडो उत्पादनं परत बोलावली गेली. त्याच सुमाराला ब्रिटनमध्ये जिरेपुडीत बदाम सापडला म्हणून माल मागे घेतला. नंतर सरकारी रसायनतज्ज्ञांच्या प्रयोगशाळेनं डीएनए आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीनं खोलात जाऊन पाहिलं, तेव्हा एका नमुन्यात बदाम नव्हताच, महलेब निघालं. महलेब म्हणजे बदामाच्याच कुळातल्या एका चेरीची बी, मसाल्यात वापरतात. बदामाची प्रतिपिंडं तिलाही चिकटली. माल मागे घेण्याचा तो आदेश रद्द झाला. एका चाचणीच्या निकालावर उत्पादकाला गुन्हेगार ठरवू नये हा त्यातला धडा.

आणि कायद्याचं म्हणाल तर इथली नताशा एडनान-लापरूज ही पंधरा वर्षांची मुलगी २०१६ मध्ये सँडविचमधल्या तिळामुळे गेली. पावाच्या आत भाजलेले तीळ होते, वेष्टणावर उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांच्या लढ्यातून ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून बांधलेल्या अन्नावरही पूर्ण घटक छापणं सक्तीचं झालं. एका लेबलनं जे काम होतं ते सेन्सरनं होणार नाही.

रानमेवा_पुणे

वाचून अंगावर काटा आला. आपल्याकडे तिळाचं काय?

अन्नपारखी

आपल्या २०२० च्या लेबलिंग नियमांत ग्लुटेनयुक्त धान्यं, कोळंबी-खेकडा वर्ग, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा आणि सुका मेवा, सोयाबीन, आणि किलोत १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट यांचा उल्लेख सक्तीचा आहे. तीळ त्या यादीत नाही, मोहरीही नाही. युरोपच्या १४ ॲलर्जनांच्या यादीत दोन्ही आहेत, आणि अमेरिकेनं १ जानेवारी २०२३ पासून तीळ नववा ॲलर्जन म्हणून सक्तीचा केला. संक्रांतीला घरोघरी तिळगूळ वाटणाऱ्या आपल्या मुलखात तीळ यादीत हवाच, असं माझं ठाम मत आहे. घटकांच्या यादीत तिळाचं नाव येतं, पण 'सांभाळा' असं वेगळं लिहिलेलं नसतं. आणि सुटं फरसाण, सुटी मिठाई यांना लेबलच नाही.

बालरुग्ण_डॉक्टर

धाग्यात एक गोष्ट राहू नये म्हणून लिहितो. ज्या मुलाला आधी एकदा तीव्र प्रतिक्रिया आली आहे, त्याच्या दप्तरात सेन्सरच्या आधी ॲड्रिनलिन, म्हणजे अशी प्रतिक्रिया आवरणारं इंजेक्शन, हवं. परदेशात मिळणारी स्वयंचलित पेनं इथे सहज मिळत नाहीत, म्हणून आम्ही ॲम्प्यूल आणि सिरिंज देतो, वजनाप्रमाणे मात्रा लिहून देतो आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं टोचायचं ते पालकांकडून करवून घेतो. ॲलर्जीच्या साध्या गोळीनं खाज कमी होते, श्वास कोंडणं थांबत नाही. तुमच्या डॉक्टरांकडून लेखी योजना घ्या आणि तिची प्रत शाळेत द्या. टोचल्यावरही रुग्णालयात जायचंच, कारण काही तासांनी त्रास परत उलटू शकतो.

वेंगुर्ल्याची_खानावळ

मी खानावळ चालवते, मच्छीची थाळी. हल्ली गिऱ्हाईक विचारतात, कोळंबी चालत नाही, बांगडा चालतो, तर द्याल का? मी हो म्हणते, पण तवा आणि तेल तेच असतं. हे सगळं वाचून झोप उडाली. मोठ्या हॉटेलासारखी प्रयोगशाळा मला परवडायची नाही. मी काय करू ते सांगा.

अन्नपारखी

ताई, तुम्ही विचारलंत याचाच मला सगळ्यात आनंद झाला. सेन्सरची खरी जागा तुमचं स्वयंपाकघर आहे.

कोळंबीचं ट्रोपोमायोसिन शिजवून नष्ट होत नाही, तळणीच्या तेलातही उतरतं. म्हणून बांगड्यासाठी वेगळा तवा, वेगळं तेल, वेगळा कालथा ठेवा. मग पट्टीनं तपासायचं ते ताट नव्हे, भांडं. ओलसर कापसाच्या काडीनं धुतलेल्या तव्याचा, ओट्याचा साधारण वितभर भाग पुसायचा, काडी द्रावणात हलवायची, पट्टीवर थेंब. इथे नमुन्याचा प्रश्न बराच सुटतो, कारण तुम्ही बराच मोठा पृष्ठभाग पुसता, आणि धुतलेल्या भांड्यावर तेल-मसाला नसल्यानं यंत्राची दिशाभूल होत नाही.

मिक्सरच्या भांड्याकडे विशेष लक्ष द्या. वरून लखलखीत दिसतं. पातं काढा, खालची रबरी रिंग सोडवा, तिच्या खाचेत बोट फिरवा. तिथे कालचं वाटण चिकटलेलं असतं, साबणाचं पाणी तिथवर जातच नाही. काडी तिथे फिरवा. शेंगदाण्याच्या बाबतीत माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा रेघ उमटते ती याच जागी. रिंग काढून वेगळी धुवा, किंवा कुटाचं भांडंच वेगळं ठेवा.

पट्टी रोज लागत नाही. धुण्याची पद्धत एकदा पट्टीनं पडताळून पक्की करायची, मग माणूस, साबण किंवा भांडं बदललं की पुन्हा. असं केलं की खर्च आवाक्यात राहतो.

वेंगुर्ल्याची_खानावळ

रिंग आत्ताच काढून बघितली. खरंच होतं. दुसरं भांडं उद्या बाजारातून आणते, आणि कोळंबीवाल्या गिऱ्हाइकांना तोवर स्पष्ट नाही सांगते.

विद्युतकण

पट्टी विकत घेताना विक्रेत्याला विचारायच्या गोष्टी मी लिहितो, ताईंनी चूक असेल तर सुधारावी. पट्टी नेमकं कोणतं प्रथिन पकडते. भाजलेल्या-तळलेल्या पदार्थांवर पडताळली आहे का. किती प्रमाणाच्या वर हुक इफेक्ट होतो. आणि कशाकशाला चुकून चिकटते. याची छापील उत्तरं जो देऊ शकत नाही त्याच्याकडून घेऊ नये. कोळंबीच्या पट्टीबद्दल खेकडा, शेवंड पकडते का हेही विचारा, ट्रोपोमायोसिन सगळ्यांत सारखंच असल्यानं बहुधा पकडते.

अन्नपारखी

सुधारायला काही नाही, एक जोड देते. कालबाह्य तारीख आणि साठवणीचं तापमान बघा. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत पडलेल्या पट्टीतली प्रतिपिंडं बिघडतात, आणि कंट्रोलची रेघ तरीही उमटू शकते. म्हणून नव्या पाकिटातली एक पट्टी मुद्दाम ज्ञात नमुन्यावर वापरावी: चिमूटभर कूट भरपूर पाण्यात पातळ करून. त्यावर रेघ आली नाही तर ते पाकीट वापरू नका.